घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स : रोजच्या कामापुरतं

(घाटंजी येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. श्रोत्यांनी मधेमधे विचारलेले प्रश्न ओघातच घेतले आहेत.)



सुरुवात एका तारखेपासून करू. 14 ऑक्टोबर 2025. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा अपडेट बंद केली. घरगुती वापरासाठी नाव नोंदवून 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत ती घेता येतात, पण ती नुसती मुदतवाढ झाली. मग विंडोज 11 घ्यावं म्हटलं तर त्याला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा-व्यवस्था लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणजे 2015 साली कापूस विकून पोराच्या कॉलेजसाठी घेतलेला कॉम्प्युटर त्यात बसत नाही. मशीन चालू आहे, पडदा चांगला आहे, कीबोर्डची दोन बटणं तेवढी घासली आहेत. तो भंगारात द्यायचा का?

आज आम्ही सांगणार आहोत की बहुतेक घरांत द्यायची गरज नाही. त्यावर लिनक्स टाका आणि आणखी काही वर्षं वापरा. पण एक गोष्ट आधीच सांगतो, कारण लोक इथंच फसतात. लिनक्स शिकणं फार अवघड नाही. एमएस-सीआयटीत जे शिकलात, माउस, फोल्डर, कॉपी-पेस्ट, प्रिंट, ते सगळं तसंच चालतं. अवघड आहे ते आपल्या जुन्या फायलींची आणि आपल्या मराठी मजकुराची नीट व्यवस्था लावणं. ते काम लिनक्स टाकायच्या आधी करायचं असतं, आणि लोक नेमकं नंतर करायला बसतात.

लिनक्स म्हणजे काय, हे दोन वाक्यांत उरकू. 1991 साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने कॉम्प्युटरचा गाभा लिहिला आणि सर्वांना मोकळा करून दिला; तोच गाभा आज तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये आहे. त्या गाभ्याभोवती मेनू, खिडक्या, ऑफिस, ब्राउझर असं सगळं बांधून जे तयार पॅकेज मिळतं त्याला वितरण म्हणतात. वितरणं शेकड्यांनी आहेत. आपल्या सी-डॅकनेही 2007 मध्ये बॉस नावाचं काढलं. केरळमधल्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकवतात. आम्ही नवीन माणसाला लिनक्स मिंट देतो, कारण त्याचा मेनू डाव्या कोपऱ्यात खाली असतो, घड्याळ उजव्या कोपऱ्यात असतं आणि माणूस बिचकत नाही. कारण एवढंच आहे. मिंटच्या 22 या मालिकेला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. रॅम कमीत कमी 2 जीबी लागते, 4 असेल तर बरं.

आणि हो, पैसे खर्च करायचेच असतील तर आधी जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवा. लिनक्सने जेवढा वेग वाढतो त्यापेक्षा जास्त त्याने वाढतो. हे लिनक्सवाले सहसा सांगत नाहीत.

आता टाकायचं कसं. मिंटची फाइल जवळपास 3 जीबीची आहे. ती डाउनलोड करून 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर एका विशेष सॉफ्टवेअरने उतरवायची. नुसती कॉपी करून चालत नाही. पेनड्राइव्हमध्ये आधीचं काही असेल तर ते पुसलं जातं, हे लक्षात ठेवा. मग कॉम्प्युटर बंद करून, पेनड्राइव्ह लावून सुरू करायचा आणि सुरू होतानाच एफ 12, एफ 9 किंवा एस्केप, जे तुमच्या मशीनला लागू असेल ते बटण दाबत राहायचं. पेनड्राइव्ह निवडला की लिनक्स थेट त्यावरूनच चालू होतं. हार्डडिस्कला अजून हात लागलेला नसतो. असं दोन दिवस चालवून बघा. वायफाय पकडतं का, आवाज येतो का, प्रिंटर दिसतो का, पडदा नीट आहे का. वायफाय नाही पकडलं तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू करा, ते बहुतेक वेळा कुठल्याही ड्रायव्हरशिवाय चालतं. पटलं नाही तर पेनड्राइव्ह काढा आणि मशीन पुन्हा सुरू करा. तुमचं विंडोज होतं तसंच असेल.

पटलं, तर पुढच्या पायरीला जरा थांबा.

सुरुवातीच्या काळात आमच्याच हातून एका गुरुजींच्या कॉम्प्युटरवर चूक झाली. इन्स्टॉल करताना 'डिस्क पुसून टाका' असा पर्याय येतो. गुरुजी म्हणाले, "सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे, सी गेला तरी चालेल." आम्ही मान डोलावली आणि बटण दाबलं. शाळेच्या सहलींचे आठ-नऊ वर्षांचे फोटो गेले. थोडे परत मिळाले, बरेच मिळाले नाहीत. झालं असं, की सी आणि डी म्हणजे दोन डिस्का नसतात. एकाच वावरात धुरा घालून केलेले ते दोन तुकडे आहेत. अख्खं वावर नांगरा म्हटलं की धुराही जातो. तेव्हापासून आमचा नियम आहे : ज्या कॉम्प्युटरचा डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवलेला आणि तिथून उघडून बघितलेला नाही, त्याला हात लावायचा नाही. नुसतं कॉपी झालं म्हणू नका, दुसऱ्या मशीनवर चार फायली उघडून बघा.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकायचं असेल तर तेही होतं. सुरू करताना दोन्हींपैकी एक निवडता येतं. त्यात एक खोच आहे. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर ते बंद केल्यावरही पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग लिनक्समधून डी ड्राइव्ह उघडतो, पण त्यावर लिहिता येत नाही. लोक म्हणतात लिनक्स बिघडलं. विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा, प्रश्न मिटतो.

आता मजकुराकडे येऊ. आज सगळ्यात जास्त वेळ आम्ही यालाच देणार आहोत.

आपल्याकडे वीस-पंचवीस वर्षं मराठी टाइप झालं ते कृतिदेव, श्रीलिपी, आकृती, सुरेख अशा फॉन्टांत. ग्रामसभेचे ठराव, सोसायटीची प्रोसिडिंग, लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, कुणाची कवितांची वही. या फॉन्टांची युक्ती अशी होती, की कॉम्प्युटरला इंग्रजी अक्षर सांगायचं आणि पडद्यावर त्या जागी मराठी चित्र काढायचं. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द लिहिला तर फाइलमध्ये खरं तर इंग्रजी ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी पाच अक्षरं जातात. फॉन्ट आहे तोवर 'मराठी' दिसतं. फॉन्ट नसला की तीच पाच इंग्रजी अक्षरं दिसतात. लिनक्समध्ये हे फॉन्ट नसतात, म्हणून पहिल्याच दिवशी माणूस जुनी फाइल उघडतो आणि त्याला वाटतं सगळं करप्ट झालं. झालेलं काहीच नसतं. तीच फाइल मोबाइलवर उघडा किंवा कोऱ्या विंडोजवर उघडा, तिथंही तेच दिसेल.

युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क'चा 2325. तो घाटंजीत 2325 आणि टोकियोतही 2325. म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवलेलं मराठी कुठंही वाचता येतं, शोधता येतं, आणि दृष्टिहीन माणसाचा फोन ते मोठ्यानं वाचूनही दाखवतो. कृतिदेवमधला ठराव शोधता येत नाही, कारण कॉम्प्युटरच्या लेखी तो मराठीत नाहीच.

तेव्हा जुनं विंडोज चालू आहे तोवर ही दोन कामं करून घ्या. पहिलं, महत्त्वाच्या प्रत्येक जुन्या फाइलची तिथूनच पीडीएफ काढा. पीडीएफमध्ये फॉन्टची चित्रं आतच बांधली जातात, त्यामुळे ती कुठंही जशीच्या तशी दिसते. ही तुमची मूळ प्रत. दुसरं, त्या मजकुराचं युनिकोडमध्ये रूपांतर करा. त्यासाठी फुकटची साधनं इंटरनेटवर आहेत. इकडे जुना मजकूर चिकटवा, तिकडून नवा उचला. साधन त्या नेमक्या फॉन्टचं असलं पाहिजे, श्रीलिपीचा मजकूर कृतिदेवच्या साधनात घालून उपयोग नाही. आणि आलेला मजकूर डोळे झाकून घेऊ नका. रफार, पहिली वेलांटी, जोडाक्षरं यांत गोंधळ होतो. 'सर्व'चा रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो. आडनावं, गट नंबर, क्षेत्र आणि रकमा पीडीएफशी ताडून बघा. दीडशे पानं एका माणसाने तपासणं कंटाळवाणं आहे, आम्ही केलेलं आहे. घरात दहावी-बारावीची पोरं असतील तर एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने बघायचं.

फॉन्टची फाइल तुमच्याकडे रीतसर असेल तर ती लिनक्समध्ये डबल क्लिक करून बसवताही येते आणि जुनी फाइल पूर्वीसारखी दिसू लागते. तात्पुरतं ठीक आहे. पण त्या भरवशावर राहू नका.

आता नवीन टाइप कसं करायचं? सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउट, तिथं अधिकचं चिन्ह दाबून मराठी निवडा. दोन प्रकार दिसतील. एक कागपा, तो उच्चाराप्रमाणे चालतो. दुसरा इनस्क्रिप्ट. आमचं मत स्पष्ट आहे : इनस्क्रिप्ट शिका. आठवडाभर हात अडखळतो, मग सुटतो. त्याची रचना बाराखडीसारखी आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. 'क'च्या बटणावरच शिफ्ट धरला की 'ख', 'त'वर 'थ', 'प'वर 'फ'. हे आपल्या गावाच्या नावावर करून बघू. शिफ्ट धरून आय दाबा, 'घ' आला. ई दाबा, काना लागला. एंटरशेजारचं अवतरणचिन्हाचं बटण म्हणजे 'ट'. एक्स म्हणजे अनुस्वार. पी म्हणजे 'ज', आणि आर म्हणजे दुसरी वेलांटी. घाटंजी. सहा बटणं, आणि लिहिताना ज्या क्रमाने लिहितो त्याच क्रमाने.

मागून एक ताई म्हणतात, "पऱ्हाटी लिहून दाखवा." बरोबर जागी बोट ठेवलंत. हा आडवा 'ऱ' मराठीचा खास, आणि बऱ्याच जणांचं इथंच अडतं. एच दाबा, 'प'. मग शिफ्ट धरून जे, हा नुक्तावाला 'ऱ' आला. मग डी, म्हणजे पाय मोडायचा. मग यू, 'ह'. ई, काना. अवतरणचिन्ह, 'ट'. आर, वेलांटी. पऱ्हाटी. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', सगळे असेच.

एकदा हा कीबोर्ड बोटांत बसला की तो पुढं कुठंही चालतो, कारण भारतीय मानक ब्यूरोने तो 1991 च्या मानकात घेतला आहे. विंडोजवरही तोच आहे. तेलुगूचाही तोच आहे, 'क'च्या जागी तेलुगू 'क'. आदिलाबादला सोयरीक असणाऱ्यांना हे उपयोगी पडेल. आणि आपल्या भागात कोलामी बोलणारी कुटुंबं आहेत. ती भाषा तेलुगूच्या कुळातली, पण तिच्यातली गाणी, गोष्टी देवनागरीत उतरवून ठेवायच्या असतील तर याच बटणांनी होतं.

इंग्रजी-मराठी अदलाबदलीसाठी एक शॉर्टकट लावून ठेवा. आम्ही विंडोजचं चित्र असलेलं बटण आणि स्पेस असा ठेवतो. रुपयाचं चिन्ह हवं असेल तर इंग्रजीसाठी 'इंडिया, विथ रुपी' हा लेआउट घ्या. उजवीकडचा ऑल्ट धरून 4 दाबला की चिन्ह येतं.

पत्रं आणि हिशेब लिब्रेऑफिसमध्ये होतात, ते मिंटबरोबरच येतं. त्यात टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस इथं जाऊन 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करा आणि भाषा मराठी ठेवा. हिंदी राहिली तर काही फॉन्टांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात. मराठी केली की आपल्या वळणाचे होतात. एवढ्याशा गोष्टीने पत्र परकं वाटायचं थांबतं. वर्डवाल्याला फाइल पाठवायची तर डॉक्स प्रकारात सेव्ह करा. मात्र विंडोजवरचे मंगल किंवा निर्मला हे फॉन्ट इथं नसतात, त्यांच्या जागी लोहित किंवा नोटो येतात, आणि ओळी थोड्या सरकतात. समोरच्याने नुसतं वाचायचं असेल तर पीडीएफच पाठवा.

मेनू मराठीत ठेवायचा का, असं विचारलं जातं. आम्ही सांगतो, आत्ता नको. भाषांतर अर्धवट आहे, आणि अडल्यावर मदत शोधायची तर बटणाचं इंग्रजी नाव लागतं. शिकायला मराठीतलं चांगलं साहित्य हवं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे छोटे धडे मराठी आवाजात आहेत.

फायलींचं थोडक्यात. इथं सी, डी नाही. तुमचं सगळं 'होम' या एका फोल्डरमध्ये राहतं. मोठं आणि लहान इंग्रजी अक्षर इथं वेगळं मानतात, त्यामुळे मोठ्या एसने लिहिलेलं 'सातबारा' आणि लहान एसने लिहिलेलं 'सातबारा' या दोन वेगळ्या फायली होतात. एकाच फोल्डरमध्ये दोन्ही ठेवून मग चुकीची प्रिंट काढलेले लोक आम्ही पाहिलेत.

पेनड्राइव्हचं मात्र जरा सविस्तर सांगतो. झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह आणला की फोल्डरांऐवजी नुसते शॉर्टकट दिसतात, हा अनुभव कुणाला नाही? तो व्हायरस तुमचे खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे खोटे शॉर्टकट समोर ठेवतो. तो विंडोजसाठी लिहिलेला असल्यामुळे लिनक्सवर चालत नाही. शिवाय विंडोजने 'लपवलेलं' म्हणून खूण केलेलं लिनक्स सहसा लपवत नाही. पेनड्राइव्ह लावला की खरे फोल्डर समोरच दिसतात. कधी ते बिनानावाच्या एका फोल्डरमध्ये ढकललेले असतात. ते उचलून घ्या, शॉर्टकट पुसा. फॉरमॅट करून टाका म्हणणाऱ्या दुकानदाराला पेनड्राइव्ह देण्याआधी हे करून बघा. पण लिनक्सला व्हायरस लागतच नाही असं समजून फिरू नका. फसवी लिंक आणि ओटीपी मागणारा फोन यांना तुम्ही काय वापरता याच्याशी देणंघेणं नसतं.

दुसरं, कॉपी संपली म्हणून पेनड्राइव्ह लगेच उपटू नका. लिनक्स बराच मजकूर आधी मेमरीत घेतं आणि मागाहून सावकाश पेनड्राइव्हवर लिहितं. नावाशेजारचं इजेक्टचं चिन्ह दाबा, 'आता काढा' असं आलं की काढा. अर्जाची शेवटची तारीख आहे आणि सेतूत जाऊन बघतो तर फाइल शून्य केबीची, असं याच घाईने होतं.

सॉफ्टवेअर हवं असेल तर इंटरनेटवर शोधत फिरायचं नाही. मेनूमध्ये सॉफ्टवेअर मॅनेजर आहे, मोबाइलच्या प्ले स्टोअरसारखा. तिथूनच घ्या. ईएक्सई फायली इथं चालत नाहीत. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागतात ही भीती जुनी आहे, रोजच्या कामात लागत नाहीत. कधी कुणाच्या सांगण्यावरून टाइप केलीच तर पासवर्ड मागेल, आणि काही लिनक्सांत तो टाकताना टिंबंसुद्धा उमटत नाहीत. कीबोर्ड बंद पडलेला नसतो. टाका आणि एंटर करा. मात्र 'सुडो'ने सुरू होणारी आज्ञा म्हणजे घराची चावी देणं आहे. कुठूनही उचलून चिकटवू नका.

आता काय जमत नाही ते. टॅली लिनक्ससाठी बनत नाही, दुकानाचे हिशेब त्यात असतील तर ते मशीन विंडोजवरच राहू द्या. फ्लेक्सवाल्यांचं कोरलड्रॉही तसंच. डिजिटल सहीचं टोकन वापरणाऱ्यांनी, म्हणजे ग्रामपंचायत, कंत्राटदार, जीएसटीचं काम करणारे, यांनी आपल्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर आहे का आणि त्यांची वेबसाइट तो घेते का, हे आधी तपासावं. प्रिंटरचं निम्मं-निम्मं आहे. नवे वायफाय प्रिंटर आपोआप पकडले जातात. पण इकडच्या बहुतेक दुकानांत दिसणारा एक जुना, छोटा, चिवट लेसर प्रिंटर आहे, त्याच्यासाठी आमचे दोन रविवार गेले आणि तो चालला म्हणावा तर दर चौथ्या पानाला रुसतो. तुमच्याकडे तो असेल तर पेनड्राइव्हवरच्या चाचणीतच बघून घ्या.

शेवटचा प्रश्न आपल्या इथला : "मधेच लाईन गेली तर?" इन्स्टॉल चालू असताना गेली तर काम पुन्हा पहिल्यापासून, म्हणून ते यूपीएसवर किंवा चार्ज असलेल्या लॅपटॉपवरच करा. अपडेटही तसंच. एरवी लिनक्सची फाइल-व्यवस्था काय लिहायला घेतलं याची वही ठेवते, आणि लाईन आली की वही बघून स्वतःला सावरते. पण तुम्ही सेव्ह न केलेलं पत्र त्या वहीत नसतं. लिब्रेऑफिस दर 10 मिनिटांनी स्वतः नोंद ठेवतं. ऑप्शन्समध्ये लोड-सेव्ह, जनरल इथं जाऊन तो आकडा 3 करा. टाइमशिफ्ट नावाचं साधन मिंटमध्ये आहे, ते सिस्टिमची जुनी अवस्था परत आणतं. तुमचे फोटो त्यात नसतात, त्यांची प्रत वेगळी ठेवा.

पुढच्या टेबलावर मिंट उतरवलेले पेनड्राइव्ह ठेवले आहेत. ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी चार्जर घेऊन पुढं या. आज नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून बघू. डिस्कवर टाकायचं काम ज्यांनी डेटा उतरवून आणलाय त्यांचंच करू, बाकीच्यांनी पुढच्या खेपेला बाहेरची डिस्क घेऊन यावं.